आज न्हाई

मावशींच्या हातचा चहा इतका वाईट असायचा की तो प्यायल्यावर माणूस दारूची चवसुद्धा विसरेल, असं आमचे हे म्हणायचे. मागून नाही, मावशींच्या तोंडावर म्हणायचे. त्यावर मावशी पातेलं आणखी कलंडून म्हणायच्या, "मग अजून अर्धा कप घे. तेवढाच गुण येईल." हा चहा मीही पुष्कळ रविवार प्यायले आहे. त्यात साखर नसायची आणि दूध असल्याचा नुसता संशय यायचा.

मावशी म्हणजे आमच्या नात्यातल्या कुणी नव्हेत. मिरजेच्या एका दवाखान्यात त्यांनी उभा जन्म नर्स म्हणून काढला. धर्मानं ख्रिस्ती, भाषेनं पक्क्या मिरजेच्या. निवृत्त झाल्यावर चर्चच्या मागच्या जुन्या घरात त्यांनी दारू सोडू बघणाऱ्या माणसांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. दवाखान्यातून अंगातली दारू उतरवून माणूस यायचा, आणि डोक्यातली उतरेपर्यंत मावशींकडे राहायचा. वयानं मोठे असलेले चर्चचे पाळकसुद्धा त्यांना मावशीच म्हणायचे.

आम्ही कडेगाव तालुक्यातले. घरचा ऊस आहे, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि हे फौजेतून पेन्शनीवर आलेले. आमच्याकडे घरटी एक फौजी. त्यामुळे फौजी प्यायला तर त्याला कुणी दारुडा म्हणत नाही, 'साहेबांची सवय' म्हणतात. सवय कधी हाताबाहेर गेली ते मला नेमकं सांगता येणार नाही. एवढं मात्र आठवतं की ऊस तुटून गेला आणि लोक शेतातलं पाचट पेटवायला लागले की यांचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. वाळका पाला तडतडतो, मधेच एखादं कांडं फट्‌ करून फुटतं. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही, इतका सवयीचा. हे मात्र गोठ्यात शिरून दार लावून घ्यायचे, आणि मग बाटली निघायची.

आमच्या भागात दारू सोडवायचा एक ठरलेला उपाय आहे. माणसाला देवाच्या दारात न्यायचं, तळहातावर भंडारा, म्हणजे देवापुढची हळद, ठेवायची आणि शब्द घ्यायचा. भंडारा उचलला की विषय संपला, असं सगळ्यांना मनापासून वाटतं. यांनी तो किती देवळांत उचलला असेल! दरवेळी सासूबाई पुढं, धाकटे दीर गाडी घेऊन मागं, आणि मी गाभाऱ्याबाहेर हात जोडून. काही महिने बरे जायचे. मग कुणाच्या तरी शेतात पाचट पेटायचं आणि शपथ मोडायची. मोडलेल्या शपथेची लाज मोठी, ती बुडवायला पुन्हा तीच बाटली, आणि या खेपेची आधीपेक्षा मोठी. शेवटच्या खेपेला भाऊजींना हे विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेले सापडले. हाताला धरून त्यांनी मागं ओढलं तेव्हा एवढंच म्हणाले, "माज्या शब्दाला किंमत न्हाई गड्या. मी कशाला ऱ्हाऊ?"

त्या दिवशी मला कळलं की हा माणूस दारूनं मरायच्या आधी शपथेनं मरणार आहे. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि यांना मिरजेला नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मावशींचा पत्ता दिला तेव्हा सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. बोट मशेरीनं काळं असणारच, तोंडात फेस, तशातच फोनवर म्हणाल्या, "तितं बाटवत्यात म्हनं. मळ्यातली म्हातारी सांगत हुती." माझ्या सासूबाई सकाळी, दुपारी आणि मधे कधीही मशेरी लावतात. जाळलेल्या तंबाखूची ती काळी पूड दाताला घासल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही, आणि त्याला त्या व्यसन म्हणत नाहीत, 'दातांचं औषध' म्हणतात. दात आता चारच उरलेत, ते सोडा. मी सासूबाईंची शंका मावशींना जशीच्या तशी सांगितली. मावशी भोपळा चिरत होत्या. "सांगा त्यांना, एवढ्या माणसांची भाजी चिरून झाल्यावर वेळ उरला तर बाटवते," म्हणाल्या, आणि पुन्हा भोपळ्याकडे वळल्या.

पहिल्याच दिवशी यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. सासूबाईंनी निघताना दिलेला भंडारा. शपथ घेतल्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत अशी यांची समजूत. मावशींनी पुडी बघितली, वास घेतला, नीट घडी घातली आणि यांच्याच खिशात परत ठेवली.

"आईनं दिलाय तर जपून ठेव. पण आमच्या घरात शपथ चालत नाही."

"म्हंजी?" हे गोंधळले.

"म्हणजे 'हो' असेल तर हो म्हणायचं, 'नाही' असेल तर नाही. वरनं त्याला देवाचा, आईचा, कुणाचा टेकू लावायचा नाही. आमच्या प्रभूनं आम्हाला तसंच शिकवलंय."

मी तिथंच तापले. मी मूळचीच तापट. म्हटलं, बाई, आमचा माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही साधा शब्दसुद्धा घेणार नाही? मग हा सुधारणार कशावर? मावशींनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "आतापर्यंत शब्दावर किती सुधारला?" मी पुढ्यातला चहा प्यायले. तो कसा होता ते सांगितलंच आहे.

त्यांच्या घरची रीत अशी होती. दिवेलागणीला सगळे मोठ्या खोलीत सतरंजीवर बसायचे. प्रार्थना व्हायची, भजनं व्हायची, आणि मग एकेकानं फक्त त्या दिवसापुरतं बोलायचं. 'आज नाही' किंवा 'आज घेतली'. उद्याचं बोलायचं नाही. कालचं उगाळायचं नाही. जो 'नाही' म्हणेल त्याला टाळ्या नाहीत, जो 'घेतली' म्हणेल त्याला बोलणी नाहीत. मावशी दोघांनाही एकाच आवाजात एकच शब्द म्हणायच्या, "बरं." मग त्या माणसासाठी डोळे मिटून दोन वाक्यं प्रार्थना करायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. मला सुरुवातीला हे फार कोरडं वाटलं. शाळेत मी पोरांनी पाढा म्हटला तरी शाबासकी देते.

रविवारी मी एसटीनं भेटायला जायची आणि मागं भिंतीला टेकून बसायची. चर्च म्हणजे गोऱ्या लोकांची गाणी असतील असं धरून मी गेले होते. पण पेटी सुरू झाली आणि चाल थेट आमच्या गावच्या भजनाची! शब्द येशूचे, ठेका आपला. तबल्यावर स्वयंपाकाला मदत करणारा एक गृहस्थ बसायचा. तो तबला वाजवायचा नाही, नुसता बडवायचा. आमचे हे फौजेत जायच्या आधी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. दोन रविवार त्यांनी दातओठ खाऊन सहन केलं. तिसऱ्या रविवारी मी गेले तर तबल्यावर हे. मान खाली, डोळे मिटलेले, बोटं चालू. मावशी गाता गाता माझ्याकडे बघून हसल्या. मला त्या क्षणी त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, कारण त्यांना ते आवडत नसे.

दुपारी मावशी यांना घेऊन मागच्या अंगणात लिंबाखाली बसायच्या. कधी बोलायच्या, कधी दोघं नुसती शेंगा फोडत बसायची. त्या बोलण्यात काय निघतं हे मला जाणून घ्यायचं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं सीमेवरची एक गोष्ट मला धड सांगितलेली नाही, आणि इथं एका परक्या बाईपुढं सगळं उघडं? मी सरळ विचारलं. मावशी म्हणाल्या, "तो माझ्याशी बोलला ते माझ्यापाशी. तुमच्याशी बोलेल ते तुमच्यापाशी. घाई करू नका, खपली ओली आहे." मला रागही आला आणि हेवाही वाटला, दोन्ही.

यथावकाश मावशींनी सांगितलं, आता घरी न्या. निघताना त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि मग यांचा कान धरून म्हणाल्या, "तिकडं गेलास की सांजच्याला कुणाला तरी सांगायचं. एकटं राहायचं नाही." एसटीत हे खिडकीशी बसले. तासगाव मागं पडलं. मग म्हणाले, "आय भंडारा काढंल."

मला ते ठाऊक होतं. घरी पोचलो तर भाऊजींनी आधीच गाडी ठरवलेली. औंधची यमाई आमचं कुलदैवत. पोरगा बरा होऊन आला तर डोंगर चढून येईन, असा सासूबाईंचा नवस. यात कुणाचं काही चुकत नव्हतं. ज्याच्यावर जीव असतो त्याला आपण बांधून ठेवायला बघतो, आणि आमच्याकडे बांधायचा दोर म्हणजे भंडारा. पण ही गाठसुद्धा सुटली तर यावेळी विहिरीवर वेळेत कोण पोचेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी रात्री भाऊजींना समजावलं. ते म्हणाले, "वयनी, तुमी शिकल्याल्या, पर देवीम्होरं शब्द दिल्याबिगर आयला झोप लागायची न्हाई."

औंधचा डोंगर सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून ठेवून चढल्या. मधे दोनदा बसल्या, एकदा मशेरी लावली. वर दर्शन झालं, ओटी भरली. बाहेर फरसबंदीवर आल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली, भंडारा तळहातावर घेतला आणि यांच्यापुढं धरला.

"उचल लेकरा. यमाई बगतीया."

हे हललेच नाहीत. हात मागं बांधून, परेडला उभे असतात तसे.

"आय, मी शब्द देनार न्हाई."

भाऊजी एकदम उसळले. "म्हंजी? परत सुरू करायची हाय व्हय?"

"गप बसा!" मी ओरडले. देवीच्या दारात, दिरावर, एवढ्या मोठ्यानं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. सासूबाईंचा पसरलेला हात तसाच होता आणि हळद बोटांतून खाली गळत होती. यांनी तो हात दोन्ही हातांनी मिटवला, आईला पायरीवर बसवलं आणि स्वतः खाली तिच्या पायाशी बसले. मग जे मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

वर डोंगरात चौकीवर यांच्या शेजारी माण तालुक्यातला एक जोडीदार होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला, लय हसरा. गोळीबारात त्याला लागलं. यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि बर्फातनं खाली निघाले. तो सारखा विचारत होता, घरी नेशील ना?

"मी म्हनलं, आयची शप्पत, तुला जित्ता घरला न्हेतो. वाटंतच गेला, आय. पाठीवरच. मला कळलं बी न्हाई कवा." हे जमिनीकडे बघत बोलत होते. "तुजी शप्पत घातली हुती मी. मोडली. तवापासनं तू खोकलीस तरी मला वाटतं, झालं, आता ही जातीया. माज्यामुळं."

आमच्याकडे लहान पोरंसुद्धा आईची शपथ घालायला घाबरतात, मोडली तर आई मरते म्हणून. मी स्वतः वर्गात पोरांना त्यावरून हसले आहे. आणि माझ्या घरात एक मोठा माणूस, छातीवर पदकं असलेला, दर हिवाळ्यात पाचटाच्या आवाजाला आणि आईच्या खोकल्याला भिऊन पीत होता. त्याच्यावर आम्ही शपथेवर शपथ चढवत गेलो होतो.

सासूबाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आरं, मंग मी मेले का?"

हे वर बघायला लागले.

"बग की नीट. डोंगार चढून आले मी. ती शप्पत मोडून किती वरसं झाली? ही काय बसलीया तुज्याम्होरं, मशेरी लावून." त्यांनी मूठ उघडली. उरलेला भंडारा स्वतःच यांच्या कपाळाला लावला, राहिलेला माझ्या आणि भाऊजींच्या. हात झटकून म्हणाल्या, "झाला नवस. यमाईला काय तुजा शब्द नगं, तू हायस ते बास हाय." भाऊजी तोंड फिरवून दरीकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

उतरताना सासूबाईंनी यांचा हात धरला होता. "त्या मिरजच्या बाईला सांच्याला काय सांगत हुतास?" त्यांनी विचारलं.

"आज न्हाई, म्हनायचो. घेतली नसली तर."

"आन ती काय म्हनायची?"

"बरं."

"एवडंच? हे तर मला बी जमंल."

त्या संध्याकाळपासून आमच्या घरी ते सुरू झालं. तुळशीपुढं दिवा लागला की हे उंबऱ्यात येऊन म्हणायचे, "आज न्हाई." सासूबाई वाती वळता वळता म्हणायच्या, "बरं." मी फोनवर मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "माझी नोकरी गेली म्हणायची," म्हणाल्या. पावसाळा गेला, दसरा गेला, कारखाना सुरू झाला. गावात कुणी विचारलं, फौजीनं सोडली का, तर सासूबाई सांगायच्या, "आज न्हाई घेतली." विचारणारा गोंधळून निघून जायचा.

मग शेजारच्या मळ्यात पाचट पेटलं. त्यांनी सांगून पेटवलं असतं तर मी यांना घेऊन कुठंतरी गेले असते. मी शाळेत होते. परत आले तर हे घरात नव्हते, फोन लागत नव्हता. मी पहिल्यांदा धावले ती विहिरीकडे. भाऊजीही तिकडूनच पळत येत होते. विहिरीवर कुणी नव्हतं. तिथं मी काठाला धरून बसले आणि देवीपासून येशूपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या.

दिवा लागायच्या वेळेला हे आले. पाय अडखळत होते, वास ओसरीपर्यंत आला. मी तोंड उघडलं. काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर तयार होतं. पण हे माझ्याकडे आलेच नाहीत. सरळ उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले, आईपुढं.

"आय, आज घेतली."

सासूबाईंच्या हातातली काडी विझली. त्यांनी दुसरी ओढली, दिवा लावला.

"बरं," म्हणाल्या. "पाय धू. गरम भाकरी हाय."

मी परसात गेले आणि मावशींना फोन लावला. मी रडत होते आणि भांडतही होते. म्हटलं, तुमचं हे 'बरं' काय कामाचं? सगळं पाण्यात गेलं. मावशींनी मला बोलू दिलं. मग विचारलं, "पकडला गेला, का आपण होऊन सांगितलं?"

"आपण होऊन. कुणी विचारलं नव्हतं."

मावशींचा आवाज एकदम बदलला. "अहो बाई, याआधी प्यायल्यावर तो आपल्या पायांनी कधी घरी आला होता का? लपायला जायचा. आज घरी आलाय. जेवू घाला त्याला, आणि सकाळी त्याला घेऊन माझ्याकडे या."

सकाळी आम्ही मिरजेला जाऊन आलो. डॉक्टरांनी तपासलं, मावशींनी लिंबाखाली बसवलं, चहा पाजला. संध्याकाळी घरी परतलो. दिवेलागण झाली. हे उंबऱ्याशी आले खरे, पण तोंडातून शब्द फुटेना. कालच्यानंतर आज 'न्हाई' कोणत्या तोंडानं म्हणायचं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी पीठ मळत होते, माझेही हात थांबले. सासूबाईंनी वात सारखी केली आणि दिव्याकडेच बघत म्हणाल्या,

"मी आज मशेरी न्हाई लावली."

आम्ही दोघंही बघत राहिलो. त्यांचं बोट खरंच स्वच्छ होतं. यांच्या ओठांचे कोपरे हलले.

"बरं," हे म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "माजी बी आज न्हाई."

"बरं."

मी परातीवर वाकून रडले. पीठ खारट झालं असेल, कुणी बोललं नाही.

सासूबाईंची मशेरी काही सुटली नाही. दुसऱ्याच दिवशी त्या सकाळपासून कावलेल्या होत्या, भांडी आपटत होत्या, कोंबड्यांना शिव्या देत होत्या. संध्याकाळी दिवा लावताना बोट काळं ते काळंच. यांनी येऊन सांगितलं, "आज न्हाई." त्यांनी "बरं" म्हटलं, आणि मग पदरात बोट लपवत, पोरासारखं तोंड करून म्हणाल्या, "म्या लावली रं. दुपारच्याला."

हे उंबऱ्यातनं आत आले, आईच्या शेजारी बसले आणि तिचं ते काळं बोट हातात घेऊन म्हणाले, "बरं."